असणं आणि हाताशी असणं : कपड्यांच्या छोट्या खोलीविषयी

तत्त्वज्ञानाच्या माणसानं कपाटावर काय बोलायचं, असं आपल्यापैकी काहींना वाटलं असेल. पण आमच्या न्याय-वैशेषिकांनी शेकडो वर्षं कापडावरच वाद घातलेला आहे. तंतू आणि पट. धागे वेगळे आणि कापड वेगळं, की धाग्यांखेरीज कापड म्हणून काही नसतंच? त्यावर ग्रंथच्या ग्रंथ झाले. ते कापड विणून झाल्यावर ठेवायचं कुठं, एवढं मात्र कुणी विचारलेलं दिसत नाही. (हशा) आज तेवढंच विचारू.

हल्ली बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘वॉक-इन वॉर्डरोब’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ती पाच फूट बाय सहा फुटांची खोली असते, जिला आपण इतकी वर्षं अडगळीची खोली म्हणत आलो. आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये तशी एक आहे. तिच्यात कपड्यांची सोय करायची ठरली, त्याला कारण झालं. पत्नीचा खांदा आखडला, हात खांद्याच्या वर जाईना. वरच्या कप्प्यातली साडी काढायला कुणालातरी हाक मारावी लागायची. आता हाक मारायचा संकोच असतो हो माणसाला, घरच्यांनासुद्धा. मग हाताला लागेल ती साडी नेसायची. कपाटात पन्नास साड्या आणि वापरात चार.

प्लेटोच्या ‘थिएटीटस’ या संवादात सॉक्रेटिस नेमका हा भेद करतो. एखाद्यानं झगा विकत घेतला, त्यावर त्याची मालकी आहे, पण तो अंगावर घातलेला नाही. तर तो झगा त्याच्या मालकीचा आहे असं म्हणता येईल, त्यानं तो धारण केलाय असं म्हणता येणार नाही. पुढं तो हाच भेद ज्ञानाला लावतो आणि पक्ष्यांच्या पिंजऱ्याचा दाखला देतो. पिंजरा प्रसिद्ध झाला, झगा मागं पडला. मला मात्र या दोन टोकांच्या मधली एक पायरी महत्त्वाची वाटते. अंगावर नाही, पण मनात आलं की कुणाला न विचारता घेता येतं. कपाट बांधायचं ते या मधल्या पायरीसाठी.

मिस्त्री आला की टेप काढतो आणि आधी भिंत मोजतो. त्याला थांबवा. आधी माणूस मोजायचा. ज्याला वापरायचंय त्याला भिंतीला पाठ लावून उभं करा. हात सैल सोडल्यावर बोटांची टोकं जिथं येतात तिथं पेन्सिलीची एक खूण, खांद्याच्या उंचीवर दुसरी. आमच्याकडं या खुणा जमिनीपासून 24 आणि 50 इंचांवर आल्या. न वाकता, हात न उंचावता मिळणारी जागा ती एवढीच, 26 इंचांचा पट्टा. रोजचं सगळं यात बसलं पाहिजे.

दांडीचं गणित जरा बारकाईनं बघा. हँगर दांडीवरून सोडवायला दोन इंच वर उचलावा लागतो. म्हणून दांडी 50 वर नको, 48 वर हवी. आमचे मिस्त्री म्हणाले, “काका, एवढ्या खाली दांडी? वरची जागा सगळी फुकट!” त्यांचं म्हणणं एका अर्थी बरोबर आहे. तरुण जोडप्याला दोन दांड्या लावता येतात, एक 40 इंचांवर आणि दुसरी 80 वर. सदरे आणि दुमडलेल्या पँटी दोन मजल्यांत राहतात. आपल्याला एकाच दांडीवर भागवायचं, म्हणजे टांगायची जागा निम्मी झाली. ही किंमत आहे आणि ती मोजावी लागते. वर रजया, बॅगा, लग्नाकार्यातले कपडे, जे काढायला वर्षातून दोनदा कुणी मदतीला आलं तरी चालतं.

उंचीवरून आठवलं. जुन्या घरांत सोवळ्याची दांडी असायची, छताजवळ टांगलेली. कपडा काठीनं वर टाकायचा आणि काठीनंच काढायचा. ती उंची मुद्दाम होती, कुणाचा हात लागू नये म्हणून. तेव्हा दांडी कुठं लावायची हे ठरवताना कुणाला दूर ठेवायचं हेही ठरत असतं. आपल्या फर्निचरमध्ये आपण नकळत घरातल्या म्हाताऱ्यांना दूर ठेवतो.

आता कपडे मोजा. हँगर साधारण 17-18 इंच रुंद असतो. बाह्या धरून कप्प्याची खोली 24 इंच लागते. खोलीची रुंदी 60 इंच. दोन्ही बाजूंना 24 घेतले तर मध्ये उरतात 12, आणि 12 इंचांतून माणूस जात नाही. म्हणून एका बाजूला टांगायचे कपडे, 24 इंच. समोर घडीच्या कपड्यांचे उघडे कप्पे, 12 इंच. मध्ये वाट 24 इंच. एवढ्या वाटेत उभं राहता येतं, वाकता येत नाही. त्यामुळं खाली ड्रॉवर नकोत. कप्प्यांना दारंही नकोत, खोलीला दार आहेच. ते बाहेर उघडणारं करून घ्या आणि वाटेच्या समोर येतंय ना, ते बघा. दांडीवर एका सदऱ्याला एक इंच, साडीला दीड इंच धरा. हिशेब बसला नाही तर कपडे कमी करा. खोली काही वाढणार नाही.

भिंत आता मोजा, आणि तीन ठिकाणी मोजा : खाली, मध्ये, वर. सर्वांत कमी येईल ते माप धरायचं. कोपरा काटकोनात आहे का हे बघायला एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करा. तिरकं अंतर पाच फूट भरलं पाहिजे. काटकोनाचं हे गणित बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे, तिथं ते यज्ञवेदीसाठी होतं.

प्लायचा तक्ता आठ फूट बाय चार फूट येतो. त्याच्या 24 इंचांच्या दोन पट्ट्या निघतील असं कागदावर वाटतं. करवत प्रत्येक कापात तीनेक मिलिमीटर खाते, म्हणून कप्पा साडेतेवीसचा आखा. जाडी 18 मिलिमीटर. आणि सहा फुटांची सलग फळी कधीही टाकू नका. जाडी तीच आणि दर फुटाला वजनही तेच ठेवून दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं, तर फळीचा बाक सोळापट होतो. दोन-दोन फुटांवर उभ्या फळ्या द्या. दांडीलाही त्याच फळ्यांचा आधार मिळतो.

आपल्याकडं खरा शत्रू पावसाळा. पलीकडं बाथरूम असेल तर त्या भिंतीला कपाट चिकटवू नका, इंचभर फट सोडा. दाराला खाली-वर जाळी ठेवा. प्लाय घेताना आयएस 303 मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारा, मागा. पैठणी किंवा जड जरीची साडी टांगू नये, स्वतःच्या वजनानं ती ओढली जाते. मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि अधूनमधून घडी बदला, नाहीतर जर त्याच रेषेवर तुटते. प्लॅस्टिकची पिशवी अजिबात नको, ओल आत कोंडते.

एक राहिलंच. खोलीच्या टोकाला, वाट संपते तिथं, 18 इंच उंचीचं बाकडं करून घ्या. एका पायावर उभं राहून पायजमा चढवताना आमच्या वयाची माणसं पडतात. शेजारी उठताना धरायला एक मूठ हवी. ती प्लायमध्ये बसवू देऊ नका; भिंतीच्या विटेत ड्रिल मारून, अँकर बोल्ट घालून बसवायला सांगा, आणि मिस्त्री जायच्या आत तिला पूर्ण वजन देऊन ओढून बघा.