असेंबल्ड कॉम्प्युटरवर विंडोज पडत नाही? आधी हिशेब वाचवा, मग दोष शोधा

दुकानासाठी कॉम्प्युटर घेताना आपल्यापैकी पुष्कळ व्यापारी बांधव कंपनीचा तयार सेट न घेता असेंबल्ड मशीन पसंत करतात. मदरबोर्ड एका कंपनीचा, प्रोसेसर दुसरीचा, रॅम तिसरीची, डिस्क चौथीची. चार पैसे वाचतात आणि एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. हा सौदा वाईट नाही, पण त्याला एक अट आहे. तयार सेट अडला तर जाब विचारायला एक कंपनी असते. असेंबल्ड मशीनमध्ये प्रत्येक भागाची गॅरंटी वेगळी असते आणि हे भाग एकमेकांशी जमतात की नाही, ही जबाबदारी शेवटी आपल्यावरच येते.

विंडोज टाकताना ही गोष्ट उघडी पडते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली. त्यामुळे विंडोज ११ टाकणे किंवा नवे मशीन जुळवणे, हा प्रश्न अनेक पेढ्यांपुढे आहे. मिस्त्री येतो, दोन-तीन तास खटपट करतो आणि "मदरबोर्ड गेला" असे सांगून जातो. खरे तर बहुतेक वेळा काहीही गेलेले नसते. दोष ठरावीक चार-पाच जागीच असतात आणि क्रमाने पाहिले तर सापडतात.

हिशेब ही अमानत आहे

सर्वांत आधी डेटा. माझ्या दुकानात २०२२ साली नवी एसएसडी बसवून विंडोज टाकायचे ठरले. हिशेबाची जुनी हार्ड डिस्क मशीनला जोडलेलीच होती. स्क्रीनवर डिस्क ० आणि डिस्क १ अशी दोन नावे आली. मिस्त्रीने घाईत चुकीच्या नावावर डिलीट दाबले आणि मी शेजारी बसून पाहत होतो. सहा महिन्यांची उधारी गेली. मुनीमजींची उर्दूतली कच्ची वही होती म्हणून बरेचसे जमले, तरी काही नोंदी जुळल्याच नाहीत. आपले येणे बुडाले तर ते आपले नुकसान. पण ज्याने पैसे चुकते केले त्याच्याकडे पुन्हा मागणी गेली, तर तो दुसऱ्याच्या हक्काचा प्रश्न होतो. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. लिहिलेले जपून ठेवणे त्यातच आले. कायद्यानेही जीएसटीची हिशेबवही वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागते.

म्हणून हिशेबाच्या प्रोग्रामचा बॅकअप दोन ठिकाणी घ्या आणि एक प्रत दुकानाबाहेर ठेवा. तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली थैली. त्यानंतर मशीन बंद करून डेटाच्या डिस्कची केबल काढा आणि ज्या डिस्कवर विंडोज टाकायचे तेवढीच जोडलेली ठेवा. याचा दुसराही फायदा आहे. दोन डिस्क जोडलेल्या असल्या की विंडोज एकीवर जाते आणि मशीन सुरू करणाऱ्या फाइली कधी कधी दुसरीवर पडतात. पुढे ती जुनी डिस्क काढली की मशीन उठतच नाही.

चुकून डिस्क पुसली गेलीच, तर तिच्यावर पुढे काहीही लिहू नका. मशीन बंद करून डिस्क जाणकाराकडे न्या. हार्ड डिस्कवरून डेटा परत मिळण्याची आशा असते, एसएसडीवरून फार कमी.

दोष कुठे शोधावा

एका वेळी एकच गोष्ट बदला. थानात दोष आला तर लूम, सूत आणि रंग एकदम बदलून चालत नाही, कारण दोष कशात होता ते कळत नाही. इथेही तेच.

स्क्रीनवर काहीच येत नसेल तर प्रथम केबल कुठे लावली आहे ते पाहा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असते त्यात ग्राफिक्स नसते. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लावावी लागते. जुन्या मदरबोर्डवर नवा प्रोसेसर बसवला असेल तर मदरबोर्डचे बायोस अद्ययावत करावे लागते. बी ४५० मदरबोर्डवर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर बसवणाऱ्या पुष्कळांना हा अनुभव आला.

पेनड्राइव्ह दिसत नसेल तर तो नीट बनलेला नसतो. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साधनानेच बनवा. नुसती फाइल कॉपी करून भागत नाही. पेनड्राइव्ह मागच्या बाजूच्या पोर्टला लावा. मशीन सुरू होताना बूट मेनूची कळ दाबा: एसूसला बहुधा एफ८, गिगाबाइटला एफ१२, एमएसआयला एफ११.

"या डिस्कवर एमबीआर रचना आहे, विंडोज टाकता येत नाही" अशा अर्थाची इंग्रजी सूचना आली तर डिस्क खराब समजू नका. नव्या पद्धतीच्या बायोसला म्हणजे यूईएफआयला डिस्कची रचना जीपीटी लागते. डिस्क रिकामी असेल तर तिचे सर्व भाग काढून टाका, म्हणजे विंडोज स्वतः जीपीटी करून घेते. डिस्कवर डेटा असेल तर हात लावू नका, आधी बॅकअप.

डिस्कच दिसत नसेल तर तीन गोष्टी पाहा. एक, एम.२ आकाराच्या डिस्क दोन जातीच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला जवळपास सारख्या, पण प्रत्येक स्लॉट दोन्ही घेत नाही. दोन, अनेक मदरबोर्डवर एम.२ डिस्क बसवली की एखादे साटा पोर्ट आपोआप बंद पडते. मदरबोर्डच्या पुस्तिकेत हे लिहिलेले असते. तीन, इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढच्या काही मशीनमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असते. तिचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून दिल्याशिवाय डिस्क दिसत नाही.

"हा कॉम्प्युटर विंडोज ११ चालवू शकत नाही" अशी सूचना आली तर बहुधा टीपीएम २.० बंद असते. बायोसमध्ये ते इंटेलच्या मदरबोर्डवर पीटीटी आणि एएमडीच्या मदरबोर्डवर एफटीपीएम या नावाने असते. ते चालू करा. मात्र इंटेलच्या ८ व्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर सर्वसाधारणपणे विंडोज ११ च्या यादीतच नाहीत. तपासणी टाळून टाकण्याच्या युक्त्या चालतात, पण पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

फाइली कॉपी होताना मध्येच चूक येऊन काम थांबत असेल, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या टक्क्यावर थांबत असेल, तर रॅमवर संशय घ्या. बायोसमध्ये एक्सएमपी म्हणजे वाढीव वेग बंद करा. एकच रॅम ठेवून पाहा, मग ती काढून दुसरी. मेमटेस्ट रात्रभर चालवले तर खात्री होते. त्यात एकही चूक निघाली तर ती रॅम गॅरंटीत बदलून घ्या. रॅम स्वच्छ निघाली तर दुसरा पेनड्राइव्ह बनवून पाहा.

विंडोज टाकून झाले, मशीन पुन्हा सुरू झाले आणि सगळे पहिल्यापासून सुरू झाले, तर घाबरू नका. मशीन पुन्हा पेनड्राइव्हवरूनच उठत आहे. तो काढून घ्या. इंटरनेट मागून अडत असेल तर मदरबोर्डचा नेटवर्क ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलेला उपयोगी पडतो. फोन केबलने जोडून यूएसबी टिथरिंग चालू केले तरी बहुधा काम भागते.

झाल्यावर दोन गोष्टी

पहिली गोष्ट कुलपाची. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने मशीन सुरू केले की अनेक मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. पुढे बायोस अद्ययावत केले किंवा मदरबोर्ड बदलला तर मशीन ४८ अंकी किल्ली मागू शकते. ती किल्ली त्या खात्यात साठवलेली असते. खाते मिस्त्रीच्या ईमेलवर उघडले असेल तर किल्ली मिस्त्रीकडे राहते. खाते स्वतःच्या नावाने उघडा आणि किल्ली कागदावर लिहून तिजोरीत ठेवा.

दुसरी गोष्ट परवान्याची. चोरीचे विंडोज म्हणजे दुसऱ्याचा माल विनामोल उचलणे, आणि ते चालू करणाऱ्या प्रोग्रामांतून व्हायरस शिरतो तो वेगळाच. परवाना घ्यायची ऐपत नसेल तर उबुंटू किंवा लिनक्स मिंट मोफत आणि कायदेशीर आहे. फक्त आपला हिशेबाचा प्रोग्राम त्यावर चालतो का, ते आधी विचारून घ्या.

नव्या मशीनचे काम सणाच्या किंवा विवरणपत्राच्या आठवड्यात काढू नका. प्रत्येक भागाचे बिल आणि गॅरंटीकार्ड एका पाकिटात ठेवा. मिस्त्री काम करत असताना शेजारी बसा, आणि डिलीट दाबण्यापूर्वी डिस्कचे नाव व जीबीचा आकडा त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. एवढी दक्षता घेतली तर इन्शाअल्लाह मशीनही उठेल आणि कोणाचा हक्कही बुडणार नाही.