मत्स्यपेटीतील दगड

खाऱ्या पाण्यातील मासे काचेआड पाहण्याची गोडी मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने १९५१ पासून अनेकांना लावली. आता समुद्री मीठ पाण्यात विरघळवून तशी पेटी लोणावळ्यातही ठेवता येते. आपण पाहतो मासे. पेटी चालवितात ते मात्र दगडांवर वसलेले सूक्ष्म जंतू. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या अन्नातून विषारी अमोनिया निघतो. काही जंतू त्याचे नायट्राइट करतात. दुसरे त्यापासून बरेच कमी घातक नायट्रेट बनवितात.

म्हणून शोभेसाठी सारे दगड एकाच दिवशी काढून नळाखाली घासले, तर पेटीत टाळेबंदीच होते. कामगार बाहेर, विष आत, आणि मासे धापा टाकू लागतात. दगड थोडे थोडे हलवावेत. बाहेर काढलेले पेटीतल्याच पाण्यात ठेवावेत. तळची जाड वाळू ढवळू नये. तीत सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू साठलेला असू शकतो. मोठा दगड वाळूवर नव्हे, तळावर टेकवावा. मासे वाळू उकरतात आणि रास कोसळते. पाणी खेळेल अशा फटीही हव्यात.

समुद्री दगड नव्याने घालायचा, तर त्यावरचे मेलेले जीव कुजून अमोनिया वाढतो. तो आधी वेगळ्या टबात, खाऱ्या पाण्यात काही आठवडे मुरवावा. कार्ले-भाज्याचा आपला काळा पाषाण टिकाऊ खरा, पण घट्ट. सच्छिद्र चुनखडीत जंतूंना जागा अधिक. जिवंत प्रवाळ मात्र समुद्रातून तोडू नये. २००१ पासून कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

ज्यांच्या श्रमावर घर चालते, त्यांचा विचार केल्यावाचून घराची फेरमांडणी करू नये, एवढेच माझे सांगणे.