आंबेडकर, भीमराव रामजी : शिक्षण, अबकारी व गुन्हे यांविषयीचा अर्थविचार

आंबेडकर, भीमराव रामजी (१४ एप्रिल १८९१–६ डिसेंबर १९५६) यांनी सार्वजनिक राजस्वाचे अभ्यासक या नात्याने शिक्षणावरील खर्च, मद्यापासून मिळणारे सरकारी उत्पन्न आणि गुन्हेगारीचा बंदोबस्त या तीन विषयांची केलेली मीमांसा. संविधानकार व दलितांचे नेते म्हणून आंबेडकर सर्वपरिचित आहेत. तथापि त्यांचे मूळचे अध्ययनक्षेत्र अर्थशास्त्र हे होते. वरील तीन विषय सामान्यतः शिक्षणतज्ञ, समाजसुधारक व पोलीस खाते यांच्याकडे वेगवेगळे सोपविले जातात. आंबेडकरांनी मात्र ते एकाच प्रश्नात गोवून पाहिले : सरकार पैसा कोणाकडून घेते व तो कोणासाठी खर्च करते? हाच त्यांच्या विवेचनाचा गाभा होय.

अर्थशास्त्रीय पूर्वपीठिका : मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १९१२ मध्ये पदवी घेतल्यावर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे राजस्वशास्त्राचे ख्यातनाम प्राध्यापक एडविन सेलिगमन यांच्या मार्गदर्शनाचा लाभ त्यांना झाला. १९१५ मध्ये त्यांनी एम्.ए. ही पदवी मिळविली. १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनेम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यानंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून त्यांनी एम्.एस्सी. (१९२१) व डी.एस्सी. (१९२३) या पदव्या संपादन केल्या. त्यांचा चलनविषयक प्रबंध १९२३ मध्ये, तर ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक राजस्वाच्या विकासावरील ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दुसरा ग्रंथ विशेष महत्त्वाचा आहे. मध्यवर्ती सरकारने १८७१ पासून प्रांतांना प्रथम ठराविक रकमा, १८७७ पासून काही नेमून दिलेल्या उत्पन्नाच्या बाबी व १८८२ पासून उत्पन्नातील वाटा कसकसा दिला, याचे विवेचन त्यात आढळते. १८७७ मध्ये प्रांतांकडे आलेल्या बाबींमध्ये अबकारीचा समावेश होता. वाढत्या उत्पन्नाची बाब हाती आल्याने ती वाढविण्यात प्रांतिक सरकारांचा स्वतःचा स्वार्थ निर्माण झाला. १९१९ च्या सुधारणांनी द्विदल राज्यपद्धती आणली. तीत मुंबई इलाख्यातील शिक्षण व अबकारी ही दोन्ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांच्या हाती सोपविण्यात आली. परिणामी शाळा काढावयाच्या तर दारूच्या उत्पन्नावर अवलंबून राहावयाचे, आणि दारू कमी करावयाची तर शाळांचा खर्च तोडावयाचा, असा पेच मंत्र्यांपुढे उभा राहिला.

शिक्षणखर्च व अबकारी उत्पन्न : आंबेडकर १९२७ च्या प्रारंभी नामनियुक्त सभासद म्हणून मुंबई कायदेमंडळात आले. १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवले. मुंबई इलाख्यात सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करीत होते. अबकारीच्या रूपाने मात्र दरडोई २·१७ रुपये, म्हणजे सु. २ रुपये पावणेतीन आणे, वसूल करीत होते. घेतलेली रक्कम दिलेल्या रकमेच्या जवळजवळ अडीचपट होती. लोकांकडून अबकारीच्या रूपाने जेवढे घेतले जाते, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च व्हावे, अशी मागणी त्यांनी केली.

या तुलनेचे मर्म करभाराच्या वाटणीत आहे. अबकारी हा अप्रत्यक्ष कर होय. तो गिरणीतील कामगार, शेतमजूर, भंगी, महार, मांग अशा कष्टकरी थरांकडून मोठ्या प्रमाणावर वसूल होतो. शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र त्या काळी प्रायः वरच्या जातींपर्यंतच पोहोचत असे. म्हणजे गरिबाच्या खिशातून निघालेला पैसा दुसऱ्याच्या मुलाच्या शाळेत जात होता. नुसता एकूण खर्चाचा आकडा पाहून हा अन्याय ध्यानात येत नाही. दरडोई हिशेब मांडला म्हणजे तो दिसू लागतो.

त्याच भाषणात त्यांनी शिक्षणव्यवस्थेच्या उत्पादकतेचीही चिकित्सा केली. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात व उरलेली ८२ मुले पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी निदर्शनास आणले. प्रसाराची तत्कालीन गती कायम राहिल्यास शाळेच्या वयाची सर्व मुले शिक्षणाखाली येण्यास ४० वर्षे व मुलींच्या बाबतीत ३०० वर्षे लागतील, असेही त्यांनी दाखविले. कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी ३६ टक्के, माध्यमिक विद्यालयांच्या ३१ टक्के व मधल्या शाळांच्या २६ टक्के खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागविला जात होता. शिक्षण हे मोबदला घेऊन विकण्याचे खाते नव्हे, असा त्यांचा यावर आक्षेप होता.

शाळेतील गळतीचा प्रश्न पुढे शास्त्रीय पाहणीचा विषय झाला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने सातारा जिल्ह्यात केलेल्या दोन पाहण्यांचे धनंजयराव गाडगीळ व वि. म. दांडेकर यांनी लिहिलेले अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. शाळा सुटलेल्यांचे पुन्हा निरक्षर होणे आणि प्राथमिक शिक्षणातील गळती व स्थगिती हेच त्यांचे विषय होते.

गुन्हेगार ठरविलेल्या जमाती : १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार मानण्यात आल्या; १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यातही दृढमूल झाली. नोंद झालेल्या व्यक्तीस ठराविक वेळी हजेरी द्यावी लागे व परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. काहींना वसाहतींत ठेवण्यात येई. सोलापूर येथील तारेच्या कुंपणातील वसाहत ही त्यांपैकी एक होय. तेथील रहिवासी गिरण्यांत कामाला जात व काम संपल्यावर कुंपणात परतत.

मुंबई सरकारने १९२८ मध्ये दलित व आदिम जमातींच्या स्थितीचा विचार करण्यासाठी ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. स्टार्ट यांना गुन्हेगार जमातींच्या वसाहतींच्या प्रशासनाचा दीर्घ अनुभव होता. आंबेडकर, पी. जी. सोळंकी, अ. वि. ठक्कर प्रभृती या समितीचे सभासद होते. समितीने १९३० मध्ये सादर केलेल्या अहवालात शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, सरकारी नोकऱ्यांतील प्रवेश व स्वतंत्र अधिकाऱ्याची नेमणूक यांवर भर होता. त्यानुसार १९३१ मध्ये मागासवर्ग खाते सुरू झाले. ज्यांच्यावर पहारा ठेवण्यासाठी पैसा खर्च होत होता, त्यांच्या शिक्षणासाठी तो खर्च करणे, असा हा राजस्वातील बदल होता. तो मर्यादित असला, तरी दिशा स्पष्ट होती. लक्षावधी माणसांना गुन्ह्यावर जगण्यास भाग पाडणाऱ्या समाजव्यवस्थेलाच आंबेडकरांनी आपल्या नंतरच्या लेखनात जबाबदार धरले आहे. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला व या जमातींना ‘विमुक्त’ म्हणण्यात येऊ लागले.

दारूबंदीची चिकित्सा : १९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्तता आल्यावर शिक्षण व मद्य यांची सांगड तोडण्याचे प्रयत्न सुरू झाले. महात्मा गांधींनाही मुलांचे शिक्षण दारूच्या उत्पन्नावर चालावे ही गोष्ट असह्य वाटत होती. हस्तव्यवसायाच्या द्वारे शाळेने आपला खर्च बव्हंशी आपणच भागवावा, हा त्यांचा उपाय होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेत त्याची चर्चा झाली. मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी अंमलात आणली व बुडणारे उत्पन्न भरून काढण्यासाठी शहरी स्थावर मालमत्तेवर कर बसविला. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून विधानसभेत असलेल्या आंबेडकरांनी या अग्रक्रमासच हरकत घेतली. नवा कर बसविण्याची ताकद सरकारजवळ असेल, तर तो पैसा प्रथम शिक्षणादी निकडीच्या गरजांकडे वळवावा, अशी त्यांची भूमिका होती.

संविधानसभेत २४ नोव्हेंबर १९४८ रोजी मद्यनिषेधाचे मार्गदर्शक तत्त्व संमत झाले. आदिवासींच्या वतीने जयपालसिंग यांनी त्यास विरोध केला असता, हे तत्त्व न्यायालयामार्फत अंमलात आणता येण्याजोगे नाही, असे आंबेडकरांनी स्पष्ट केले. अशा रीतीने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे तत्त्व (मूळ अनुच्छेद ४५) आणि मद्यनिषेधाचे तत्त्व (अनुच्छेद ४७) संविधानाच्या एकाच भागात आले. पहिल्याने राज्यांचा खर्च वाढतो. दुसऱ्याने उत्पन्न घटते.

मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा होऊन एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी आली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ मधील निवडणूक जाहीरनाम्यात आंबेडकरांनी या धोरणावर कठोर टीका केली. बंदीमुळे दारू नाहीशी न होता घरोघरी गाळली जाऊ लागते; पूर्वी पुरुषांपुरते असलेले व्यसन, डोळ्यांदेखत हातभट्टी चालू असल्याने, बायकामुलांपर्यंत पोहोचते; सरकारचे उत्पन्न जाते व वर बंदोबस्ताचा खर्च वाढतो; तसेच कायदा मोडण्याची सवय अंगवळणी पडते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१९२७ व १९५१ या दोन भूमिकांत वरवर विसंगती भासते. पहिल्या प्रसंगी ते अबकारी उत्पन्नाकडे बोट दाखवितात; दुसऱ्या प्रसंगी ते सोडून देण्यास विरोध करतात. परंतु १९२७ मध्येही त्यांची मागणी उत्पन्न बंद करण्याची नव्हती, तर ते ज्यांच्याकडून येते त्यांच्या शिक्षणाकडे वळविण्याची होती. व्यसनाचे समर्थन त्यांनी कधीही केले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. स्वेच्छेने घेतलेले व्रत आणि पोलिसांकरवी लादलेली बंदी या त्यांच्या मते भिन्न गोष्टी होत्या.

मराठवाड्यातील संदर्भ : तुळजापूर हे सोलापूरपासून सु. ४५ किमी. अंतरावर असले, तरी ते १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात व पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे या दोन शेजारच्या गावांना दोन वेगळे अबकारी कायदे लागू होते. निजामी अंमलात अबकारी हे उत्पन्नाचे एक प्रमुख साधन असून त्याचे मक्ते दिले जात. ‘दारूचा गुत्ता’ या रूढ शब्दप्रयोगात त्या मक्तेपद्धतीची आठवण उरली आहे. दारूच्या दुकानाच्या मानाने शाळांचा प्रसार तुटपुंजा होता व उच्च शिक्षणाचे माध्यम मराठी मुलांस परके होते. उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये भरलेल्या महार-मांग वतनदार परिषदेस आंबेडकर उपस्थित होते. १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत त्यांनी १९५० मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे महाविद्यालय काढले; पुढे ते मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्धीस आले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील दलित तरुणांस उच्च शिक्षणाचे दार त्यामुळे खुले झाले.

मूल्यमापन : आंबेडकरांचे आकडे सरकारी अहवालांवर आधारलेले होते, मद्यपानाची प्रत्यक्ष कुटुंबवार पाहणी त्यांनी केली नाही. दारुड्या पतीमुळे स्त्रीला सोसावी लागणारी मारहाण व घरखर्चाची ओढाताण यांचा हिशेब त्यांच्या राजस्वविषयक मांडणीत पुरेसा येत नाही. महाराष्ट्रात १९६० नंतर दारूबंदी टप्प्याटप्प्याने शिथिल झाली. तथापि गडचिरोली जिल्ह्यात ती १९९३ मध्ये पुन्हा आली आणि गावातील दुकान बंद करण्यासाठी स्त्रियांच्या मतदानाची, म्हणजे ‘आडव्या बाटली’ची, पद्धत रूढ झाली. हा रेटा खालून व मुख्यतः स्त्रियांकडून आला, हे लक्षणीय आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू केलेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली, तेव्हा बेकायदा विक्री व वाढते गुन्हे हीच कारणे पुढे करण्यात आली. अमेरिकेतील १९२० ते १९३३ या काळातील बंदीचा अनुभवही याच स्वरूपाचा होता.

मद्यनीतीचा विचार करताना तिजोरी, शाळा व पोलीस ठाणे या तिन्ही ठिकाणचे हिशेब एकत्र मांडले पाहिजेत, ही आंबेडकरांची दृष्टी मात्र आजही उपयुक्त ठरते. राज्याच्या अंदाजपत्रकात उत्पादन शुल्काचा आकडा व शिक्षणाचा आकडा आजही वेगवेगळ्या पानांवर छापले जातात. ते शेजारी-शेजारी ठेवून, दरडोई व वर्गवार वाचण्याची रीत त्यांनी १९२७ मध्ये घालून दिली.