वाकेन, पण मोडणार नाही

पनवेल-रोहा लोहमार्गावर आपटा मागे पडलं की जिते येतं, मग हमरापूर आणि मग पेण. रस्त्यानं आलात तर कर्नाळ्याची खिंड उतरायची, खारपाड्याला पाताळगंगा ओलांडायची, की आलंच जिते. या पट्ट्याच्या पश्चिमेला खारेपाट आहे. खाडीचं पाणी बांध घालून अडवलेली भातशेती आणि त्यापलीकडे मिठागरं. वारा सुटला की सोबत खार घेऊन येतो, आणि चार महिने पाऊस कोसळतो. लोखंडाचा याहून मोठा वैरी असलेला मुलूख शोधावाच लागेल.

तरीही इथे लोखंडी सायकल टिकून आहे. शेताच्या बांधाला टेकवलेली, स्टेशनाबाहेर उभी केलेली, हमरापूरच्या गणपती कारखान्यांच्या दारात दिसणारी सायकल बहुधा लोखंडीच असते. तिथे कारण उघड आहे, ती स्वस्त पडते. कोडं पडतं ते रविवारी पहाटे हेल्मेट घालून पनवेलकडून येणाऱ्यांचं. त्यातल्या बहुतेकांच्या सायकली अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या. पण अधूनमधून एखादा दिसतो, सडपातळ गोल पाइपांच्या स्टीलच्या फ्रेमवर बसलेला. त्यानं पैसे काही कमी मोजलेले नसतात. हलकी फ्रेम परवडत असताना हा जड धातू का घेतो? त्याचं उत्तर मला सायकलच्या शोरूममध्ये मिळालं नाही. ते मिळालं महामार्गालगतच्या एका गॅस वेल्डिंगच्या टपरीत, एका पाववाल्याची सायकल दुरुस्त होताना पाहून.

सायकल जुनी, २८ इंची चाकांची, काळी. पुढचं हँडल जिथे फिरतं त्या उभ्या पाइपाला दोन पाइप येऊन मिळतात, वरची दांडी आणि खालचा तिरका पाइप. जिथे ते मिळतात तिथे लोखंडाची बाही असते, तिला लग म्हणतात. मागे पाव लादलेले असले तरी खड्ड्यात पुढचं चाक आदळलं की सगळा झटका याच जोडावर येतो. लगच्या काठाशी, खालच्या पाइपाला, रंगात केसासारखी रेघ उमटली होती. पाववाल्याला आधी ती ओरखडा वाटली. मग हँडल कुरकुरायला लागलं, तेव्हा तो थांबला.

कारागिरानं सायकल उलटी करून पुढच्या चाकाचा चिमटा बाहेर काढला, छर्रे डबीत टाकले, वाट्यांमधलं ग्रीस पुसून काढलं. तेलाचा अंश राहिला तर ज्योतीत जळून काजळी धरते आणि मग पितळ पकडत नाही. कानशीनं आणि पॉलिश पेपरनं रंग खरवडून खालचा धातू चकचकीत केला. रेघ कुठे संपते ते मात्र डोळ्यांना दिसेना. त्यानं त्या जागी रॉकेल लावलं, कोरड्या फडक्यानं पुसलं आणि वर खडूची पूड चोळली. थोड्या वेळानं पांढऱ्या पुडीत ओलसर काळी रेघ उमटली. चिरेत शिरलेलं रॉकेल खडूनं शोषून वर आणलं होतं. मोठ्या कारखान्यांत यासाठी खास रंगद्रव्य वापरतात, तत्त्व हेच.

चिरेच्या दोन्ही टोकांना त्यानं बारीक भोकं पाडली. चीर पुढे सरकते ती तिच्या अणकुचीदार टोकामुळे. तिथे सगळा ताण एकवटतो. टोक गोल झालं की ताण विखुरतो. मग पाइपाच्या गोलाईला बसेल असं पत्र्याचं थिगळ ठोकून तयार केलं. ते बसवताना त्याचा सगळा जीव एका गोष्टीत होता. थिगळ आणि पाइप यांच्यातली फट केसाएवढीच राहिली पाहिजे. फट मोठी झाली तर पितळ आत ओढलं जात नाही.

“आर्क मारून झटपट नाही होणार का, दादा?” मी विचारलं.

“पाइप पातळ हाय. आर्क मारला का भोक पडल. हितं गॅसच.”

आधी अ‍ॅसिटिलीनची पिवळी, धुरकट ज्योत पेटली. ऑक्सिजन वाढवला तशी ती आखडत निळी झाली, मधोमध टोकदार गाभा. टाकणखार गरम पितळी कांडीला चिकटवून जोडावर टेकवला. तो आधी लाहीसारखा फुगला, मग काचेसारखा वितळून पसरला. हवेतला ऑक्सिजन तापल्या लोखंडाला लागू न देणं हे त्याचं काम. लोखंड लाल झालं, मग नारिंगीकडे झुकलं. सुमारे ९०० अंश. आता कांडी टेकवली तर पितळ वितळून पाण्यासारखं थिगळाखाली पळालं. कारागीर ज्योत पुढे सरकवी तसं पितळ तिच्या मागे येई, जिकडे ताप तिकडे त्याची धाव. पलीकडच्या काठाला पिवळी बारीक कड दिसली, तेव्हा आतली सगळी फट भरल्याची खात्री झाली. लोखंड स्वतः वितळायला सुमारे १५०० अंश लागतात, त्यामुळे पाइप होता तसाच राहिला.

“पानी मारायचा नाय,” तो म्हणाला, “जोड तडकतो. आपसूक थंड होऊ दे.”

शेवटी त्यानं एक दोरा घेतला. मागच्या चाकाच्या एका खाचेतून पुढे हँडलच्या पाइपाला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणला आणि सीटच्या पाइपापासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं. एका बाजूला थोडं जास्त भरलं. मागचा पाइप धरून त्यानं बेतानं जोर लावला, पुन्हा मोजलं, सारखं झालं. लाल ऑक्साइडचा हात फिरवून सायकल उन्हात ठेवली. नव्या फ्रेमच्या मानानं खर्च किरकोळ.

या दुपारच्या कामात लोखंडाचे बहुतेक गुण येऊन गेले. पहिला, ते तुटण्याआधी सांगतं. रंगात रेघ येते, हँडल कुरकुरतं, चाक एका बाजूला ओढतं. दुसरा, ते तापताना रंग बदलतं, म्हणून कारागिराला तापमापकाशिवाय अंदाज येतो. अ‍ॅल्युमिनियम सुमारे ६६० अंशांना वितळतं आणि तोवर रंग बदलत नाही, एकदम ओघळतं. शिवाय सायकलच्या अ‍ॅल्युमिनियमला भट्टीत ताप देऊन ताकद आणलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेनं जोडाजवळची ती ताकद जाते आणि परत आणायची तर पुन्हा भट्टी हवी. कार्बनचीही दुरुस्ती होते, पण तिला जाणता माणूस लागतो. आतले थर सुटले असतील तर ते वरून दिसत नाहीत. तिसरा गुण दोऱ्यानं दाखवला. लोखंडाचा पाइप थोडा वाकवून सरळ करता येतो. मागच्या चाकाची जागा १२६ मिलिमीटरवरून १३० करून जुन्या फ्रेममध्ये नवं चाक बसवणारे शौकीन आहेत. अ‍ॅल्युमिनियमवर हा प्रयोग कुणी करू नये.

आपल्याकडे ‘मोडेन पण वाकणार नाही’ हा बाणा मिरवतात. सायकलच्या फ्रेमला तो शोभत नाही. फ्रेमनं आधी वाकावं, मोडायचं नंतर पाहावं.

यामागे धातूच्या थकव्याचं शास्त्र आहे. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसा प्रत्येक खड्डा फ्रेमला थोडा थकवतो. पण साध्या पोलादाला एक मर्यादा असते. तिच्या खालचा ताण लाखो वेळा आला तरी ते थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही, लहान झटक्यांचाही हिशोब जमा होत राहतो. म्हणून त्याच्या फ्रेमचे पाइप जाडजूड करून ताण मुळातच कमी ठेवतात, आणि नीट बनवलेली तशी फ्रेमही वर्षानुवर्षं टिकते. इथून जाणाऱ्या महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्यानंतरच्या पावसाळ्यांत या रस्त्यावर ज्यांनी सायकल चालवली, त्यांना थकवा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

स्टीलप्रेमी मंडळी एक गोष्ट मात्र जरा जास्तच सांगतात. स्टीलची फ्रेम झटके पिते, म्हणून सफर मऊ होते, असं. यात तथ्य थोडं आहे. लांब, बारीक पुढचा चिमटा थोडा लवतो, हे खरं. पण टायर रुंद केला आणि त्यातली हवा थोडी उतरवली तर जो फरक पडतो, त्यापुढे फ्रेमच्या धातूचा फरक किरकोळ आहे. वजनाचंही तसंच. चांगल्या क्रोमोली स्टीलची फ्रेम दोन किलोच्या आसपास जाते, कार्बनची किलोच्या आत बसते. स्वार, पाणी, सामान आणि सायकल मिळून ९० किलो धरले तर हा फरक एक-सव्वा टक्क्याचा. शर्यतीत तो जिंकवतो किंवा हरवतो. खारेपाटाच्या सपाट रस्त्यावर तो कुणाला कळणारही नाही.

पोलाद पेण तालुक्याला परकं नाही. वडखळजवळ डोलवीला जेएसडब्ल्यूचा पोलाद कारखाना आहे, वर्षाला सुमारे १ कोटी टन क्षमतेचा. तिथून पत्र्याची भली मोठी वेटोळी बाहेर पडतात. असा पत्रा पट्ट्यांत कापून, गोल वळवून, कडा विजेनं जोडल्या की सांध्याचा पाइप होतो. साध्या सायकली अशाच पाइपांच्या. त्याच महामार्गावर पुढे, रोहा तालुक्यातल्या सुकेळीला महाराष्ट्र सीमलेस ही कंपनी बिनसांध्याचे पाइप करते. तापलेल्या भरीव गोल कांबीतून सुळा आरपार घालून ते घडवतात आणि ते मुख्यतः तेल-वायूच्या कामाला जातात. उंची सायकलीचा पाइपही बिनसांध्याचाच, पण पुढे थंडच ओढून ओढून फार पातळ केलेला.

या पातळपणात खरी कला आहे. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीनं १८९७ मध्ये दोन्ही टोकांना जाड आणि मधे पातळ अशा पाइपाचं पेटंट घेतलं. जोड टोकांना येतात, ताप आणि ताण तिथेच, म्हणून जाडी तिथेच. मधे वजन वाचवायचं. चांगल्या पाइपाची भिंत टोकांना ०.९ आणि मधे ०.६ मिलिमीटर असू शकते. १९३५ मध्ये त्याच कंपनीनं मँगनीज-मॉलिब्डेनमचं ‘५३१’ पोलाद आणलं आणि पुढची काही दशकं चांगल्या फ्रेमवर त्याचं लेबल मिरवलं गेलं. १९७२ मध्ये एडी मर्क्सनं मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापण्याचा विक्रम केला तोही पोलादी सायकलवरच. गंमत अशी की पाववाल्याचं साधं लोखंड आणि ५३१ यांचा ताठपणा जवळपास सारखाच असतो. फरक ताकदीत आहे. उंची पोलाद दुप्पट-तिप्पट ताण सोसतं, म्हणून ते पातळ करता येतं. या पातळ पाइपाला टपरीतली ज्योत फार वेळ दाखवू नये. तिथे चांदीमिश्रित कांडी आणि कमी ताप हवा.

आता वैऱ्याकडे वळू. गंज बाहेरून खातो तेव्हा दिसतो, रंगाला फोड येतो. आतून खातो तेव्हा दिसत नाही. सीटच्या फटीतून पावसाचं पाणी पाइपात उतरतं आणि खाली पायडलच्या कप्प्यात साचतं. म्हणून त्या कप्प्याच्या तळाला निचऱ्याचं बारीक भोक असावं आणि ते चिखलानं बुजू देऊ नये. पावसाळ्याआधी सीटचा दांडा काढून पाइपात उकळलेलं जवसाचं तेल सोडावं आणि फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवावी. ते आत सुकून पापुद्रा धरतं. सीटचा दांडा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर वर्षातून एकदा काढून ग्रीस लावावंच. खाऱ्या दमट हवेत दोन वेगळे धातू एकमेकांना इतके धरतात की पुढे तो करवतीशिवाय निघत नाही. काम एवढंच, पण ते न चुकता व्हायला हवं.

ज्यांनी ही निगा राखली त्यांच्या सायकली पुढच्या पिढीनं चालवल्या. सायकली टिकल्या, कारखाने टिकले नाहीत. वरळीची हिंद सायकल आणि आसनसोलची सेन-रॅले यांचं १९८० मध्ये राष्ट्रीयीकरण करावं लागलं. सोनीपतहून १९५१ मध्ये निघालेल्या ‘अ‍ॅटलास’नं जून २०२० मध्ये साहिबाबादचा कारखाना बंद केला, तोही ३ जूनला, जागतिक सायकल दिनी. त्यांच्या फ्रेम मात्र अजून रस्त्यावर आहेत, आणि पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातली घडीची बीएसए पॅराट्रूपर सायकलही पाहायला मिळते.

तेव्हा निवाडा असा. शर्यत लावायची असेल तर कार्बन घ्या. शहरात रोजची धाव, देखभालीचा कंटाळा आणि समुद्राजवळचं घर असेल तर अ‍ॅल्युमिनियम बरं, ते तसं गंजत नाही. पण सामान लादून दूर जायचं असेल, रात्री-अपरात्री सुकेळीच्या खिंडीत एकटं असणार असाल आणि एकच सायकल वीस-पंचवीस वर्षं वापरायची असेल, तर स्टील घ्या. जुनी फ्रेम विकत घेताना लोहचुंबक लावून पाहा, उलटी करून पायडलचा कप्पा तपासा, सीटचा दांडा हलतो का बघा, हँडलखालच्या लगभोवती रंगात रेघ आहे का ते उजेडात न्याहाळा आणि मागच्या खाचांपासून दोरा ताणून फ्रेम सरळ आहे का ते मोजा. दांडा अडकलेला असेल किंवा कप्पा आतून खाल्लेला असेल तर ती फ्रेम सोडून द्या. नुसती चीर असेल तर भाव पाडून घ्या. गॅस वेल्डिंगचं दुकान तुमच्याही तालुक्यात आहे.