घरच्या घरी विद्युत्-वाद्य

मुलाने कीबोर्ड मागितला म्हणजे पालक काही हजार रुपये मोजून तो आणून देतात. परंतु त्यातील स्वर कोठून येतो हे मुलास कळत नाही, ते नाहीच. तेव्हा खरेदीपूर्वी मुलाकडून असे एक वाद्य करवून घ्यावे, अशी आमची सूचना आहे. खर्च त्या मानाने अल्प आहे.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपेवर वसलेला लहानसा संगणक होय. 2005 साली इटलीतील इव्रेआ येथे विद्यार्थ्यांकरिता निघालेल्या आर्डुइनो मालिकेतील ‘उनो’ हा फलक या कामास उत्तम. त्याची एक पिन 5 व्होल्टवर चढवावयाची व पुन्हा शून्यावर उतरवावयाची, इतकेच त्यास सांगावे. पिन आणि 8 ओहमचा लहान स्पीकर यांच्यामध्ये 220 ओहमचा रोधक अवश्य घालावा. नाहीतर प्रवाह वाढून पिन निकामी होईल. स्पीकर रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर बसविल्यास आवाज मोठा होतो. तो भुंग्याच्या गुणगुणण्यासारखा असतो, हे आधीच सांगून ठेवतो. घरच्या 230 व्होल्टच्या विजेस मुलांनी हात लावू नये. संगणकाची यूएसबी वायर पुरे. आमच्या उत्तनला वाऱ्यातच खार असल्याने जोडण्या सोल्डर करून घेणे बरे. ब्रेडबोर्डावरील उघडे टोक फार दिवस टिकत नाही.

पिन दर 2085 मायक्रोसेकंदांनी पालटली, तर सेकंदास सुमारे 240 कंप होतात. हा आपला षड्ज समजू. पंचम त्याच्या दीडपट, म्हणून 1390. शुद्ध गांधार सव्वापट, म्हणून 1668. पेटीचा गांधार मात्र किंचित चढा असतो, कारण तिच्या सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. त्याची संख्या 1655 येते. अंतर अवघे तेरा मायक्रोसेकंदांचे!

हे अंतर क्षुल्लक समजू नये. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशांच्या साह्याने श्रुतींची पेटी सिद्ध केली, ती अशाच अंतरांसाठी. पुढे 1940 साली नभोवाणीने पेटीस बंदी केली, तीही बरीचशी याच आक्षेपावरून. ती 1971 मध्ये सैल झाली. देवलांच्या पेटीस प्रत्येक स्वराकरिता धातूची पट्टी घासावी लागे. येथे एक संख्या खोडून दुसरी लिहिली की झाले.

प्रत्यय घेण्यासाठी दोन पिना वापराव्यात, प्रत्येकीस निराळा 220 ओहमचा रोधक देऊन दोहोंची टोके त्याच स्पीकरला जोडावीत. ‘मायक्रोज’ या आज्ञेने वेळ पाहून प्रत्येक पिन आपापल्या ठरलेल्या क्षणी पालटावी. एकीवर 2085 व दुसरीवर 1655 ठेवून ऐकावे. मग 1655 च्या जागी 1668 लिहून पुन्हा ऐकावे. 

यापुढची पायरी मींडेची. 10 किलो-ओहमचा पोटेन्शिओमीटर जोडावा. त्याची मूठ फिरविली की फलक 0 ते 1023 यांमधील अंक वाचतो, आणि त्या अंकाप्रमाणे कालावधी बदलत ठेवला म्हणजे स्वर एकापासून दुसऱ्यापर्यंत न तुटता सरकत जातो, जे पेटीस साधत नाही.