यंत्रांची भाषा (भाग ५) : ज्या शब्दात एकही अक्षर नाही

मागच्या आठवड्यात आपण एक लहानसा चिन्हसंच घेतला होता : फक्त 'क' आणि 'ख'. या चिन्हांची कोणतीही मर्यादित माळ म्हणजे शब्द, मग तिला अर्थ असो वा नसो. अशा दोन चिन्हांचे तीन अक्षरी शब्द आठ होतात, दोन अक्षरी चार, एक अक्षरी दोन. दर पायरीला संख्या निम्मी होते. आता आणखी एक पायरी उतरा. शून्य अक्षरांचे शब्द किती? 'शून्य' असं उत्तर चटकन तोंडावर येतं, पण बरोबर उत्तर आहे एक. त्या एकुलत्या एका शब्दाला रिक्त शब्द म्हणतात. कागदावर तो दिसणार कसा? म्हणून त्याच्यासाठी बहुधा एप्सिलॉन हे ग्रीक अक्षर लिहितात. ते अक्षर आपल्या चिन्हसंचातलं नव्हे, नुसतं नाव आहे.

त्याचं काम दिसतं ते जोडणीत. 'कख'पुढे 'ख' जोडला की 'कखख' होतो. रिक्त शब्द मात्र आधी जोडा की नंतर, मूळ शब्द जसाच्या तसा. बेरजेत शून्याचं जे स्थान, तेच इथे त्याचं. कोरी जागा म्हणजे रिक्त शब्द नव्हे, कारण कोरी जागा हेही एक चिन्हच, लांबी १. आणि भाषा म्हणजे शब्दांचा संच; त्यामुळे एकही शब्द नसलेली भाषा वेगळी, फक्त रिक्त शब्द असलेली भाषा वेगळी. टपालानं रिकामं पाकीट येणं आणि टपालच न येणं यात फरक आहेच की!

गंमत म्हणजे या विषयाच्या एका जनकानंच रिक्त शब्दाला बाहेर ठेवलं होतं. स्टीफन क्लेनी यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात 'तारा' ही क्रिया, म्हणजे शून्य किंवा अधिक वेळा पुनरावृत्ती, आणली, पण ती दोन बाजूंची होती. 'क तारा ख' म्हणजे ख, कख, ककख, कककख... 'क' शून्य वेळा आला तरी शेवटी 'ख' असतोच, त्यामुळे हाती रिकामं काही येत नाही. १९५८मध्ये कोपी, एल्गॉट आणि राइट यांनी तारा एकट्यावर आणला आणि रिक्त शब्द रीतसर आत घेतला. माझ्या मते हाच बदल जास्त मोलाचा, कारण त्यानं नियम आखूड झाले. मोबाइल क्रमांकाआधी '+९१' असेल किंवा नसेल, हे सांगायला आता एवढंच पुरतं : '+९१' किंवा रिक्त शब्द, आणि पुढे दहा अंक.

रिक्त शब्द संगणकावरही तपासता येतो. 'पुणे' या शब्दात रिक्त शब्द किती वेळा येतो, असं पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेला विचारा; उत्तर येतं ५. त्याच्या लेखी यात चार चिन्हं आहेत : प, उकार, ण, एकार. त्यांच्या मधल्या तीन जागा आणि दोन टोकं मिळून पाच. ओरॅकल डेटाबेस मात्र रिक्त मजकूर आणि 'नल', म्हणजे माहितीच नसणं, एकच धरतो. मग एखाद्याला मधलं नावच नाही, की ते आपल्याला ठाऊक नाही, हे त्या रकान्यावरून कळत नाही. जुन्या प्रणालीतला हा घोळ प्रोग्रामरना आजही निस्तरावा लागतो.

आता एक गृहपाठ. ज्या भाषेत एकही शब्द नाही, तिच्यावर तारा चालवला तर काय मिळेल? कागद-पेन घेऊन सोडवा. उत्तर पुढच्या भागात.