खेळाच्या यंत्रातून पैशाचा व्यवहार

भिलाईच्या वैशाली नगरात आज एकाच मोबाईलवर दोन पिढ्यांची कामे चालतात. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा त्यावरून विजेचे बिल भरतात आणि ते काम हातावेगळे होताच नातू तोच मोबाईल घेऊन खेळायला बसतो. खेळ आणि पैसा एका यंत्रात एकत्र नांदण्याचे आता कुणाला नवल वाटत नाही. मात्र ही सोय प्रथम मोबाईलने आणलेली नाही. दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांनी तिचा प्रयोग १९८०च्या दशकातच आरंभला होता.

टेलिफोनच्या तारेवरून खेळ

१९८३ साली अमेरिकेत कंट्रोल व्हिडिओ कॉर्पोरेशन या कंपनीने ‘गेमलाइन’ नावाची सेवा सुरू केली. ‘अटारी २६००’ या यंत्रात खेळाची कॅसेट बसविण्याची जी खाच असे, तिच्यात मोडेम असलेली कॅसेट बसवायची, तिला टेलिफोनची तार जोडायची आणि हवा तो खेळ मागवून घ्यायचा, अशी ही योजना होती. खेळ विकत न घेता थोड्या काळापुरता वापरण्याची कल्पना आकर्षक होती. परंतु त्याच सुमारास अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला आणि ही सेवाही टिकली नाही. तिच्या अवशेषांतून १९८५ मध्ये जी कंपनी उभी राहिली, तीच पुढे ‘अमेरिका ऑनलाइन’ या नावाने जगाला परिचित झाली.

जपानमधील प्रयोग

बँकेच्या ग्राहकांना अधिक जवळचा वाटावा असा प्रयोग जपानमध्ये झाला. निन्टेन्डो कंपनीचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र १९८३ मध्ये तेथील बाजारात आले आणि घरोघरी पोहोचले. १९८८ मध्ये निन्टेन्डोने नोमुरा सिक्युरिटीज या दलाली पेढीच्या सहकार्याने त्यासाठी मोडेम आणला. सोबत अंकांची बटणे असलेला नियंत्रक दिला होता. त्याच्या साहाय्याने घरबसल्या शेअरचे भाव पाहता येत, खरेदी-विक्री करता येई, हवामानाचा अंदाज कळे आणि घोड्यांच्या शर्यतीवर पैजही लावता येई. भारतात त्या काळी बँकांच्या संगणकीकरणाची वाट डॉ. सी. रंगराजन समित्यांच्या १९८४ आणि १९८९ च्या अहवालांतून आखली जात होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रयोगाचे धाडस उमगते.

तरीही फॅमिकॉम घेणाऱ्यांपैकी अगदी थोड्यांनीच हा मोडेम घेतला. तारेचा वेग अल्प होता. यंत्राचा खरा वापर मुले करीत आणि गुंतवणूक करणारे मात्र वडीलधारे. त्यातच १९८९ च्या अखेरीस शिखर गाठलेला जपानी शेअर बाजार पुढच्याच वर्षी घसरू लागला. तंत्र सिद्ध होते. पण ज्याच्या हाती पैसा होता, त्याचा खेळण्यावर विश्वास बसलेला नव्हता.

विश्वासाची कसोटी

१५ नोव्हेंबर २००२ रोजी अमेरिकेत मायक्रोसॉफ्टची ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ सेवा सुरू झाली. वेगवान ब्रॉडबँड जोडणी, वार्षिक वर्गणी आणि दूरच्या सोबत्याशी बोलत खेळण्याची सोय ही तिची वैशिष्ट्ये होती. आता ग्राहक बिनदिक्कत पैसे देऊ लागला, कार्डाचा तपशीलही यंत्राच्या स्वाधीन करू लागला. या विश्वासाला एप्रिल २०११ मध्ये तडा गेला. सोनीच्या ‘प्लेस्टेशन नेटवर्क’मध्ये घुसखोरी झाली, सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद ठेवावी लागली.

आपल्या ग्राहकांसाठी

भारतात रिझर्व्ह बँकेने या बाबतीत टप्प्याटप्प्याने संरक्षण उभारले आहे. कार्डाद्वारे होणाऱ्या देशांतर्गत ऑनलाइन व्यवहारांसाठी १ ऑगस्ट २००९ पासून अतिरिक्त पडताळणी आवश्यक झाली. ऑक्टोबर २०२० पासून कार्डाचा ऑनलाइन वापर सुरू वा बंद करण्याची आणि त्यावर मर्यादा घालण्याची मुभा ग्राहकाला मिळाली. १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना कार्डाचा मूळ क्रमांक स्वतःजवळ साठवता येत नाही. त्याऐवजी टोकन वापरले जाते.

मात्र घराच्या आतली दक्षता नियमांनी साधत नाही. मुलांच्या खेळातील खरेदीला संकेतशब्दाचे कुलूप लावावे. यूपीआयचा पिन आणि मोबाईलवर येणारा ओटीपी मुलांच्याही हाती देऊ नये. परदेशी विक्रेत्यांकडील प्रत्येक व्यवहारात ओटीपी विचारला जाईलच असे नाही. म्हणून गरज नसेल तेव्हा कार्डाची आंतरराष्ट्रीय सुविधा बंद ठेवावी. खात्याचा उतारा महिन्यातून एकदा तरी पाहावा आणि अनोळखी रक्कम वजा झालेली दिसताच बँकेस विनाविलंब कळवावे.

१९८८ मध्ये जपानी गुंतवणूकदार खेळाच्या यंत्रावर पैसा सोपविताना बिचकला. आज आपण बिचकत नाही, ही प्रगतीच आहे. परंतु त्या संकोचात जी सावधगिरी होती, ती मात्र आपण सोडता कामा नये.